पाच मिनिटांचा मामा

“मागून कोण येतंय तुमच्या?” काउंटरमागच्या माणसानं विचारलं.

मी वळून पाहिलं. जिना रिकामा होता.

“कोणी नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे मिस्टर खाली टॅक्सीवाल्याशी बोलतायत?”

“मी स्टेशनवरून चालत आले. मिस्टर घरी आहेत, कासारखेडला. त्यांना कावीळ झालीय.”

त्यानं उघडलेलं रजिस्टर मिटलं. “मग सॉरी, मॅडम. खोली नाही.”

त्याच्या डोक्यामागं फळीवर अकरा किल्ल्या लटकत होत्या. वर्गात शिरलं की आधी डोकी मोजायची, ही माझी सवय. किल्ल्याही मी आल्याआल्याच मोजल्या होत्या.

“अकरा खोल्या रिकाम्या दिसतायत,” मी म्हटलं.

“खोल्या आहेत. एकट्या लेडीजला आम्ही देत नाही.”

ही गोष्ट १९९० च्या जानेवारीतली. मुंबईला फोर्टात एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर श्रीविलास लॉज होतं. खाली दाराशी पाटी होती: ‘स्टेशन पाच मिनिटे, कोर्ट सात मिनिटे, गरम पाणी सकाळी सहा ते आठ.’ मला हवं होतं ते सगळं त्या पाटीवर होतं. सरकारी वकिलांच्या कचेरीतून आलेल्या पत्रातही याच लॉजचं नाव होतं. मुख्याध्यापक म्हणजे पुरुषच, असं पत्र लिहिणाऱ्यानं धरलं असावं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मला कोर्टात साक्ष द्यायची होती. खटला शेवंता कोळेकरच्या अपघाताचा. ती माझ्या शाळेतली मुलगी. सातवी झाली आणि एका मुकादमाबरोबर मुंबईला, डब्यांची झाकणं करायच्या कारखान्यात गेली. वर्षभरानं, ऑगस्ट ८८ मध्ये, पत्र्याच्या प्रेसखाली तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. मालकाचं म्हणणं, मुलीला चौदा पूर्ण होती, तिला कामावर ठेवण्यात गुन्हा नाही. आणि एवढी मोठी घोडी, हात कुठं घालावा हे तिला कळायला हवं होतं. सरकारचं म्हणणं, तिला तेरासुद्धा पूर्ण नव्हती. दोघांचाही सगळा भार माझ्या शाळेच्या जनरल रजिस्टरातल्या एका ओळीवर होता, आणि ते रजिस्टर जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून माझ्या पिशवीत होतं.

त्या ओळीत दोन तारखा होत्या, हीच अडचण होती. आमच्या भागात तेव्हा शाळेत घालायला आलेल्या मुलाची जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसायची. मग गुरुजी मुलाकडं एकदा बघायचे आणि सहा वर्षं पूर्ण होतील अशा बेतानं १ जून लिहून टाकायचे. महाराष्ट्रातली निम्मी जनता अशी १ जूनला जन्मलेली आहे. शेवंता थोरल्या बहिणीच्या मागं मागं शाळेत आली आणि रडेना म्हणून गुरुजींनी बसवून घेतली. तिच्या नावापुढं १ जून १९७४ पडलं. ८३ साली मी शाळेचा चार्ज घेतला. ग्रामसेवकाकडं जन्मनोंदीचं पुस्तक मागून घेतलं, त्यात आमची तीन मुलं सापडली. शेवंताची खरी तारीख होती २३ ऑक्टोबर १९७५. मी तिन्ही नोंदी लाल शाईनं दुरुस्त केल्या.

आता गंमत बघा. पुढं एका पावसाळ्यात ग्रामपंचायतीचं छप्पर गळलं आणि ते जन्मनोंदीचं पुस्तक लगदा होऊन गेलं. आणि दुरुस्ती करताना वरिष्ठांची परवानगी घ्यायची असते, ती मी घेतलेली नव्हती. वय तीस, अंगात रग. खरं तेच लिहायला परवानगी कशाला, असं मला वाटलं होतं. त्यामुळं शेवंता अपघाताच्या वेळी बारा वर्षांची होती, याला साऱ्या जगात पुरावा उरला होता तो एकच, माझ्या हातची लाल रेघ. बचावाचा वकील म्हणणार होता की बाईंनी ती अपघातानंतर मारली.

शेवंता मुंबईतच आत्याकडं होती. तिच्याकडं उतरले असते तर प्रश्नच नव्हता. पण सरकारी वकिलांनी बजावलं होतं, साक्षीआधी मुलीला भेटायचं नाही, नाहीतर पढवलं म्हणतील. म्हणून हे लॉज.

“बरं,” मी त्या माणसाला म्हटलं. “मग मी इथं बाकावर बसते.”

“किती वेळ?”

“साडेदहापर्यंत. सकाळच्या.”

त्याचं नाव शेणॉय. काउंटरवर तशी पाटीच होती. चाळिशीचा, कपाळाला गंध, स्वभावानं मऊ. मऊ माणसं नियमाला फार घट्ट धरतात. “मॅडम, तुम्ही समजून घ्या,” तो म्हणाला. “इथं पोलीस रजिस्टर चेक करतात. सोबतच्या पुरुषाचं नाव आणि नातं, असा कॉलमच आहे. तो रिकामा दिसला की मला ठाण्यावर बोलावतात. मालक माझी हजेरी घेतो.”

“समजलं,” मी म्हटलं आणि बसले. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. खालून बसगाड्यांचा आवाज येत होता. पिशवी मी मांडीवर घेतली. खरं सांगायचं तर मी दमले होते. आमच्याकडची गाडी सहा तास उभ्यानं काढली होती आणि पोटात सकाळच्या भाकरीनंतर काही नव्हतं. पण उठून दुसरं लॉज शोधायचं माझ्या मनात नव्हतं. तिथंही कोणी शेणॉय असणार, आणि हा निदान मॅडम तरी म्हणत होता.

दहा मिनिटं झाली असतील. जिन्यावरून एक गृहस्थ वर आले. पन्नाशीचे, राखी सफारी, हातात ब्रीफकेस. पुढच्या आठवड्यात पाहुण्यांसाठी दोन खोल्या मिळतील का, असं त्यांनी शेणॉयला विचारलं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

“ताई, कोणाची वाट बघताय?”

मी सांगितलं. शेणॉयनंही आपली बाजू सांगितली. गृहस्थ हळहळले. “काय हे. एवढ्या लांबून आलेली बाई, आणि आता दिवेलागणीला कुठं जाणार? मी दळवी. विम्याचं काम करतो, इथंच बझारगेटला ऑफिस आहे. अहो शेणॉय, नुसतं नावच पाहिजे ना? लिहा माझं. या माझ्या भाची. मी मामा.”

शेणॉयचा चेहरा उजळला. त्याला एक पुरुष हवा होता. कोणता, याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. त्यानं रजिस्टर पुन्हा उघडलं.

“अहो, कशाला उगाच,” मी म्हटलं.

“ताई, माझीही बहीण कधी अशी अडकेल,” दळवी म्हणाले. मला भरून आलं. परक्या शहरात कोणी ताई म्हटलं की बरं वाटतं, मलाही वाटलं.

शेणॉयनं माझं नाव, गाव, कामाचं स्वरूप विचारून लिहिलं. दळवी काउंटरवर रेलून बघत होते. कॉलममध्ये ‘मामा, श्री. दळवी’ पडलं, खोली नंबर चौदा पडला, शाई वाळली, तेव्हा ते सरळ झाले. “झालं काम. ताई, आता निवांत झोपा. मला जरा घाई आहे.” मी आभार मानेपर्यंत ते जिना उतरूनही गेले.

शेणॉयनं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. “इथं सही.”

मी पेन घेतलं आणि वाचलं. सही करण्याआधी वाचायचं, हे मी सातवीच्या पोरांना शिकवते. ‘सौ. इंदुमती ढवळे, मु. कासारखेड, जि. सोलापूर. सोबतचा पुरुष व नाते: मामा, श्री. दळवी.’

“हे खोटं आहे,” मी म्हटलं.

“अहो मॅडम, फॉर्मॅलिटी.”

“माझा मामा बार्शीला असतो. त्याला दमा आहे, मुंबई त्याला मानवत नाही. या गृहस्थांचं मला पहिलं नावही ठाऊक नाही.”

“कोण बघायला येतंय?”

“तुम्हीच म्हणालात पोलीस येतात म्हणून.”

शेणॉयनं कपाळावर हात मारला. “तुम्हाला खोली पाहिजे की नको?”

“पाहिजे. माझ्या नावावर पाहिजे. दुसऱ्याच्या भाचीच्या नावावर नको.” मी पिशवीतून समन्स काढलं आणि त्याच्यापुढं ठेवलं. “एकट्या बाईला खोली दिली तर पोलीस विचारतील ना? हा बघा पोलिसांनीच आणून दिलेला कागद. कोर्टानं मला बोलावलंय, आणि यात कुठंही लिहिलेलं नाही की येताना पुरुष घेऊन या.”

त्यानं कागद दोनदा वाचला. शिक्का अंगठ्यानं चाचपून पाहिला.

“कसली केस आहे?” त्यानं विचारलं.

“एका मुलीची बोटं गेलीत. तिचं वय मला सांगायचंय. उद्या शपथेवर खरं सांगायचं आणि आज इथं खोटं लिहायचं, हे मला जमणार नाही.”

“मलापण तीन मुली आहेत,” तो म्हणाला. त्याचा इथं काही संबंध नव्हता, पण त्यानं ते सांगितलं. मग म्हणाला, “ठीक आहे. मी हे पान फाडतो. नवीन लिहू.”

“पान फाडायचं नाही.”

“मग व्हाइट लावतो.”

“अजिबात नाही. गिरवायचंही नाही. शेणॉय, तुम्ही रजिस्टर ठेवता ना? मग असं ठेवा.” मी पर्समधून लाल पेन काढलं. शिक्षकाच्या पर्समध्ये पावडर नसली तरी चालते, लाल पेन असावंच लागतं. “चुकलेल्या नोंदीवर एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. काय चुकलं होतं ते लपवायचं नसतं. वर खरी नोंद. बाजूला कारण, सही, तारीख, वेळ. आणि ज्याचं रजिस्टर त्याचीही सही.”

मी ‘मामा, श्री. दळवी’ यावर रेघ ओढली. वर लिहिलं: ‘कोणी नाही.’ समासात लिहिलं: ‘सदर गृहस्थ माझे नातेवाईक नाहीत. आज प्रथमच भेटले.’ सही केली. तारीख घातली. भिंतीवरच्या घड्याळात बघून सात वाजून पाच मिनिटं लिहिलं. शेणॉयनंही सही केली. पाच मिनिटांत माझा एक मामा झाला आणि गेला. तेव्हा मला त्या माणसाचा संशय आला नव्हता, हे कबूल करते. उलट, एवढ्या भल्या माणसाचं नाव आपण खोडलं म्हणून वाईट वाटत होतं.

चौदा नंबरची खोली माडीवरच्या कपाटाएवढी होती, पण कडी धड होती. मी खालून आणलेला इडली-सांबार खाल्ला, रजिस्टर उशाखाली घेतलं आणि पडले. झोप यायला वेळ लागला, तो आवाजामुळं नाही. शेवंताचा दाखला माझ्या सहीचा होता. जून ८७ मध्ये तिचा बाप आला, म्हणाला, पुढची शाळा लांब आहे, पोरीला आत्याकडं पाठवतोय. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात मी ‘पालकांची इच्छा’ असं लिहिलं आणि सही केली. मुकादम बाहेर वडाखाली विडी ओढत उभा होता. तो मला दिसला होता. मी काही विचारलं नाही.

सकाळी गरम पाणी पाटीप्रमाणं आलं. साडेदहाला मी पिंजऱ्यात उभी होते.

कोर्ट लहानसं होतं. समोर मॅजिस्ट्रेट, पिकल्या केसांचे, कमी बोलणारे. डावीकडं मालक आणि त्याची माणसं. उजवीकडं शेवटच्या बाकावर शेवंता आत्याजवळ बसली होती. अडीच वर्षांनी मी तिला बघत होते. उजवा हात तिनं पदराखाली घेतला होता. माझ्याकडं बघून ती हसली नाही, नुसती ताठ बसली, वर्गात तपासनीस आल्यावर बसायची तशी.

सरकारी वकिलांचे प्रश्न दहा मिनिटांत आटोपले. मग बचावाचे वकील उठले. अंगानं बारीक, बोलणं गोड.

“बाई, या पानावर किती मुलं आहेत?”

“बावीस.”

“त्यातली एक जूनला जन्मलेली?”

“एकोणीस.”

कोर्टात हशा झाला. “कासारखेडच्या बायका मोठ्या वक्तशीर दिसतात,” वकील म्हणाले.

“जन्मली सगळी आपापल्या दिवशी,” मी म्हटलं. “एक जूनला त्यांना गुरुजींनी लिहिलं.”

“म्हणजे रजिस्टर अंदाजपंचे.”

“जिथं अंदाज होता तिथं अंदाज आहे. तिघांची खरी तारीख मिळाली, ती मी दुरुस्त केली. शेवंता त्यातली एक.”

“वरिष्ठांची परवानगी?”

“नाही घेतली. घ्यायला हवी होती. ती माझी चूक.”

“ज्या पुस्तकातून तारीख घेतली ते कुठं आहे?”

“पावसात गेलं.”

“सोयीचा पाऊस,” ते म्हणाले. “दुरुस्तीखाली १२ सप्टेंबर १९८३ अशी तारीख आहे. ती तुमच्याच हातची. समजा, अपघातानंतर ऑक्टोबर ८८ मध्ये बसून तुम्ही तिथं ८३ ची तारीख घातली असती, तर तुम्हाला अडवणारं कोण होतं?”

“कोणी नाही,” मी म्हटलं. “मीच.”

त्यांनी मान हलवली, जणू हेच उत्तर त्यांना हवं होतं. मॅजिस्ट्रेट काहीतरी लिहून घेत होते. मला कळत होतं की प्रकरण माझ्या हातून निसटतंय. मी प्रामाणिक आहे, हे मी सोडून दुसरं कोण सांगणार होतं? हात मी कठड्यावर सरळ ठेवले.

“तुमच्या शब्दावरच सगळं आहे तर,” वकील म्हणाले. “मग तुमचा शब्द जरा तपासू. काल मुंबईत तुम्ही कुठं उतरलात?”

“श्रीविलास लॉजमध्ये. इथं जवळच.”

“कोणाबरोबर?”

“एकटीच.”

“शपथेवर सांगताय?”

“हो.”

ते मॅजिस्ट्रेटकडं वळले. “साहेब, साक्षीदार शपथेवर खोटं बोलतेय. लॉजच्या रजिस्टरात या बाईंची नोंद एका परपुरुषाची भाची म्हणून आहे. ते गृहस्थ यांचे कोणीही लागत नाहीत. खोलीसाठी जी बाई रजिस्टरात बिनदिक्कत खोटं नातं लिहिते, तिनं शाळेच्या रजिस्टरात काय लिहिलं असेल, हे मी सांगायला नको. ते रजिस्टर मागवावं, एवढीच विनंती.”

तेव्हा मी मालकाच्या मागचा बाक पहिल्यांदा नीट बघितला. राखी सफारी. ब्रीफकेस मांडीवर. काल मला ताई म्हणणारा माझा मामा तिथं बसला होता आणि छताकडं बघत होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला आठवलं, शाई वाळेपर्यंत तो काउंटरवरून हलला नव्हता.

मॅजिस्ट्रेटनी मला विचारलं, “तुम्हाला यावर काही सांगायचंय?”

“रजिस्टर येऊ द्या, साहेब,” मी म्हटलं. “त्यात सगळं आहे.”

लॉज सात मिनिटांवर. शिपाई गेला आणि अर्ध्या तासात शेणॉयला घेऊन आला. शेणॉयनं रजिस्टर दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि त्याची पाचावर धारण बसली होती. वकिलांनी ते त्याच्याकडून घेऊन स्वतःच उघडलं आणि पान काढलं. ते बराच वेळ वाचत होते.

“इकडं द्या,” मॅजिस्ट्रेट म्हणाले.

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. खोडलेली ओळही वाचली, कारण ती वाचता येत होती. ‘मामा, श्री. दळवी.’ मग वरची. ‘कोणी नाही.’ मग समासातलं, सही, तारीख, सात वाजून पाच मिनिटं. मग त्यांनी माझ्या शाळेचं रजिस्टर मागून घेतलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मॅनेजर,” ते म्हणाले, “अशी दुरुस्ती करायला तुम्हाला कोणी सांगितलं?”

“या मॅडमनी, साहेब. मी पान फाडतो म्हणालो होतो. मग व्हाइट लावतो म्हणालो. यांनी मला शाळेतल्यासारखं शिकवलं. एक रेघ, खालचं दिसलं पाहिजे, कारण, सही, तारीख.”

“आणि तुम्ही ऐकलंत?”

“न ऐकून काय करतो, साहेब.”

पुन्हा हशा झाला, पण या वेळी मॅजिस्ट्रेटही किंचित हसले. मग त्यांचा चेहरा पूर्ववत झाला. “वकीलसाहेब, साक्षीदार कुठं उतरली आणि तिच्या नावापुढं काय लिहिलं, हे आपल्याला कोणी कळवलं?”

“माझ्या अशिलाकडून निरोप आला, साहेब. मला एवढंच...”

“अशिलाला कोणी कळवलं?”

मागच्या बाकावरून ब्रीफकेस उचलल्याचा आवाज आला.

“राखी सफारीतले गृहस्थ,” मॅजिस्ट्रेट म्हणाले, “आपण बसा.” मग मला विचारलं, “बाई, या गृहस्थांना ओळखता?”

“हो, साहेब. काल संध्याकाळी पाच मिनिटं हे माझे मामा होते.”

दळवी हे त्याचं खरं आडनावही नव्हतं. तो कारखान्याचा सुपरवायझर होता आणि स्टेशनपासूनच माझ्या मागावर होता, हे पुढं पोलिसांच्या चौकशीत बाहेर आलं. कोर्टानं तिथल्या तिथं त्याचं नाव लिहून घेतलं आणि साक्षीदाराला फसवण्याबद्दल वेगळी चौकशी लावली. वकिलांनी मला आणखी काही विचारायचं नाही असं सांगितलं आणि खाली बसले. निकाल लागायला वर्ष गेलं. मालकाला शिक्षा झाली. निकालपत्रात माझ्या लाल रेघेवर एक पूर्ण परिच्छेद होता. त्याची प्रत माझ्याकडं आहे, मागाहून आलेल्या नव्या शिक्षकांना मी ती वाचायला देत असे.

पण त्या दिवशी मॅजिस्ट्रेट उठल्यावर मी रजिस्टर फडक्यात बांधून बाहेर आले, तेव्हा मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी जिंकल्यासारखी चालत होते, एवढं मात्र खरं. शेणॉय जिन्यापर्यंत आला, म्हणाला, “मॅडम, परत कधी आलात तर चौदा नंबर तुमचा. कोणाला विचारायचं नाही.” मी हसले.

जिन्याशी शेवंता उभी होती. आत्या कागदांवर अंगठे द्यायला आत गेली होती. साक्ष झाली होती, आता बोलायला हरकत नव्हती.

“शेवंता,” मी म्हटलं, “तुझा दाखला मी दिला. मुकादम मला दिसला होता. मी विचारायला हवं होतं.”

तिनं ते ऐकल्यासारखं दिसलं नाही. तिच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं.

“बाई, ती तारीख. तुम्ही आत सांगितली ती. ती माझी खरी हाय?”

“तुझीच आहे. २३ ऑक्टोबर १९७५. दिवाळीच्या थोडं आधी जन्मलीस तू.”

“मला कुणी सांगितलंच नव्हतं. कारखान्यात म्हणायचे, सायब आला की अठरा सांग. मी अठराच सांगायचे.” ती जरा थांबली. “मशिनीत हात गेला तवा सगळी म्हणत हुती, एवढी थोरली बाय, एवढं कळू नये? आत्यापण म्हणली. मला बी वाटायचं, आपल्याला कळाय पायजे हुतं.”

ती डाव्या हाताच्या बोटांवर मोजायला लागली. सातवीत ती तोंडी हिशेबात पहिली होती, पण आता तिनं पुन्हा पुन्हा मोजलं, ऑक्टोबर ते ऑगस्ट, एकेक साल घेऊन.

“बारा,” ती म्हणाली. “तेरावं पुरं व्हायचं हुतं.”

“हो.”

तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि त्याच्याकडं बघितलं. दीड वर्ष तिनं तो कोणाला दाखवला नव्हता, हे मला आत्यानं नंतर सांगितलं.

“म्हंजे बाई,” ती म्हणाली, “मी बारकीच हुते.”